पद्दीची जेवायची वेळ

४ मार्च. रजा काढली होती, दुपारी अंगणात मिरच्यांचे देठ काढत बसले होते. हात भगभगत होते, म्हणून फोन कोपरानंच स्पीकरवर टाकला. पद्मजाचे, म्हणजे आमच्या पद्दीचे, थोरले भाऊ भरतअण्णा होते. "शोभा, पद्दी गेली गं. शाळेला निघालती, दारातच पडली..." हात तेलानं चोळून धुतले आणि निपाणीहून बेळगावची बस धरली. पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. बेळगावच्या शहापूर भागातल्या तिच्या दोन खोल्यांत शेजारच्या चार बायका बसल्या होत्या. पद्दीनं लग्न केलं नव्हतं. एका शाळेत गणित शिकवायची आणि एकटी राहायची.

निपाणीच्या कॉलेजात आम्ही दोघी बास्केटबॉलच्या एकाच टीममध्ये. मी कॅप्टन, ती पॉइंट गार्ड; म्हणजे चेंडू पुढं आणायचा आणि कुणी कुठं पळायचं ते ठरवायचं, हे तिचं काम. अंगानं काडी, पण आवाज असा की रस्त्यावरचे सायकलवाले वळून बघायचे. घर जैनांचं. दिवस मावळल्यावर ती खायची नाही, पाणीसुद्धा नाही, आणि सकाळी बस्तीत, म्हणजे जैन देवळात, देवदर्शन झाल्याशिवाय तोंडात काही घालायची नाही. म्हणून ऊन कललं की मी खेळ थांबवायचे. "बसा गं, महाराणी जेवणार!" सगळी टीम मातीतच बसायची. ती डबा उघडायची, "बघताय काय, नजर लागंल," म्हणायची आणि आम्हालाच चटणी वाटत सुटायची. आमचा सराव तिच्या डब्यावर चालायचा म्हणा ना.

दुसऱ्या वर्षी ती बेळगावच्या एका कॉलेजात गेली. तिथं सिमेंटचं कोर्ट होतं, शिकवायला चांगले सर होते, विद्यापीठाच्या संघात जायची संधी होती. मला तिनं सांगितलं ते दाखला हातात पडल्यावर. "जा की," मी म्हणाले, "इथं कुणाचं अडलंय?" अडलं होतं. आम्ही वर्षभर हरत राहिलो.

शेवटच्या वर्षी बेळगावातल्याच स्पर्धेत उपांत्य सामना तिच्या कॉलेजशी पडला. सामना उशिरा सुरू झाला. आम्ही हरणार हे मला मध्यंतरालाच कळलं होतं. तिचा डबा बाकाखाली होता. अंतिम सामना दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, म्हणजे त्याआधी बस्तीत जाऊन खायला वेळ नाही, आणि तो बघूनच विद्यापीठाचा संघ निवडणार होते. मी आभाळाकडं बघितलं, दिवस कलला होता, आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. असं तीनदा. गरज नसताना टाइमआउट घेतले. शेवटच्या टाइमआउटला पद्दीनं माझ्याकडं बघत पाण्याची अख्खी बाटली संपवली. सामना ती जिंकली, तेव्हा दिवस मावळला होता. डबा तिनं उघडलाच नाही.

सकाळी मी प्रेक्षकांत होते. शेवटच्या दहा मिनिटांत तिचे पाय उचलेनात, दोन पास सरळ समोरच्यांच्या हातात गेले. संघात तिचं नाव आलं नाही. कॉलेज संपलं, खेळ संपला. पुढं लग्नाकार्यात भेटायचो, बोलायचो... ही गोष्ट सोडून सगळं.

तीन आठवड्यांनी तिचं घर रिकामं करायला गेले, तेव्हा भरतअण्णांना त्या सामन्याचं सगळं सांगून टाकलं. ते पुस्तकं बांधत होते, दोरी ओढत म्हणाले, "ठाऊक हाय. तवाच सांगितलं तिनं."

"मग?"

"आम्ही लई चिडलो. ती म्हणाली, शोभीला निदान माझी वेळ ठाऊक हाय. तिथं हॉस्टेलवर रोज दुपारची चपाती ठेवून, सरावाआधी खोलीत एकटी बसून खायची. चपाती ठेवायला विसरलेल्या दिवशी उपाशी. दोन वर्षांत कुणी विचारलं न्हाय गं, जेवलीस का म्हणून."

आठ खोकी भरली आणि संध्याकाळच्या बसनं परत आले.

आमच्याच जुन्या कॉलेजच्या ऑफिसात मी आता काम करते. दुसऱ्या दिवशी सकाळी खेळाच्या सरांकडं गेले. मुलींचा सराव संध्याकाळी पाच ते सात असतो. म्हटलं, कोणाची जेवायची वेळ काय, उपास काय, ते विचारून घ्या. सर हसले. "मॅडम, आपल्या टीममध्ये तसं कोण न्हाय."

"विचारलंय का कुणाला?"

सरांनी हजेरीची वही पुढं केली. मग बारा नावांची यादी घेऊन संध्याकाळी मी स्वतःच मैदानावर गेले.