गाडग्याची पिल्लं

कंग्राळीच्या बायाक्काने ताकाच्या गाडग्याला मारलेली गाठ दुसऱ्या कुणाला कधी सुटली नाही. बाहेर जाताना ती दाराच्या कडीत गवताची एक काडी अडकवून जाई. परत आली की आधी काडी बघे, मग कडीला हात लावी. घरात नेण्यासारखं काय होतं? चार भांडी, दोन घोंगडी, एक पाटा-वरवंटा. पण तसं तिला कुणी बोलून दाखवलं नाही. "तुला कसं ठावं माझ्या घरात काय हाय ते?" असं तिने लगेच विचारलं असतं.

हा स्वभाव जन्मापासूनचा नव्हता. प्लेगाच्या साली सगळं गाव घरं सोडून माळावर झोपड्या घालून राहिलं, तेव्हा बायाक्का नुकतीच नांदायला आलेली पोर होती. माहेराहून तिच्याबरोबर दोन गोष्टी आल्या होत्या. एक तांब्याचा हंडा आणि एक काळी कोंबडी. माळावर जाताना कोंबडी काखेत मावली, हंडा मावला नाही. तीन महिन्यांनी माणसं गावात परतली, तर घराचं दार तसंच लावलेलं आणि हंडा गायब. कुणी नेला ते कधीच कळलं नाही. नवरा म्हणाला, "जीव वाचला आणि हंड्याचं काय घेऊन बसलीस?" पुढे नवराही गेला, लेक लग्न होऊन खानापुराकडे गेली, आणि बायाक्का त्या गल्लीत एकटी उरली. त्या दिवसानंतर पंचवीस वर्षांत तिने हंड्याचं नाव काढलं नाही. फक्त कुणाच्या घरी गेली की पाणी पिता पिता तिची नजर चुलीमागच्या अंधाराकडे जायची.

कोंबडीचं वाण मात्र तिने राखलं होतं. काळीच्या पोटची काळी, तिच्या पोटची आणखी एक, असं चालत आलं होतं. त्या वर्षी माघात शेवटची काळी अंड्यांवर खुडूक बसली. बारा पिल्लं निघाली आणि तिसऱ्या दिवशी भर दुपारी मुंगसाने कोंबडी धरली. बायाक्का काठी घेऊन धावली तोवर घरामागच्या परड्यात पिसं उरली होती. माहेरचं म्हणून जे काही जगात शिल्लक होतं, ते आता बांबूच्या डालग्यात चिवचिवत होतं.

माघातली बेळगावकडची थंडी. आईविना पिल्लं सकाळ बघणार नाहीत हे तिला कळत होतं. तिने एक बसकं गाडगं घेतलं, त्यात चुलीतले निखारे भरले, वर राख टाकली आणि घोंगड्याच्या तुकड्यात गुंडाळून डालग्यात ठेवलं. अर्ध्या तासात घोंगड्याला रुपयाएवढं भोक पडलं. मग तिने निखारे काढून टाकले आणि कढत पाणी भरलं. तोंडावर झाकणी बसवून कडेने ओली कणीक थापली. गाडगं गुंडाळल्यावर ती त्याला आपला गाल लावून बघे. गालाला सोसलं तर पिल्लांना सोसणार. पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढू लागली की पाणी निवलं असं समजायचं. चोची उघडून कडेला पांगली तर एक पदर आणखी गुंडाळायचा. दोन दिवसांत तिला हे सगळं नुसत्या आवाजावरून कळू लागलं.

बारातलं एक पहिल्याच दिवशी गेलं. अकरा राहिली. त्यातल्या एकाची बोटं आत वळलेली होती. बायाक्काने बाभळीची चपटी काटकी चिंधीने त्याच्या पायाला बांधली, तेव्हापासून ते ठुमकत चालू लागलं. ज्वारीची बारीक कणी, शेणकुटाखालची वाळवी, नरोटीत पाणी, आणि पिल्लू बुडू नये म्हणून पाण्यात एक खडा. आठव्या दिवशी तिने डालगं उघडलं, तर अकराही जणं गाडग्याला अंग लावून, डोळे मिटून बसलेली. गाडगं जरा सरकवलं तर सगळी त्याच्यामागे सरकली.

"ह्यांची आई झालीस व्हय गं?" कुडापलीकडून आवाज आला.

ती मालुबाई. दोघींच्या परड्यांच्या मधे कमरेएवढा निवडुंगाचा कूड होता. मालुबाईची तांबडी कोंबडीही त्याच आठवड्यात पिल्लं घेऊन उठली होती. बायाक्काने झटकन डालग्यावर पोतं टाकलं.

"तू कवापासून बघत हुतीस?"

"आत्ताच आलते. किती राहिली गं?"

आता हा प्रश्न कुणी विचारायचा नसतो. त्या गल्लीत पिल्लांचा आकडा तोंडाने सांगत नसत. सांगितला की दृष्ट लागते, असा समज होता. अंडी किती घातली तेसुद्धा बाया नवऱ्याला सांगत नसत. बायाक्का मोजायची, पण चिंचोक्यांनी. भिंतीतल्या देवळीत अकरा चिंचोके ठेवले होते. संध्याकाळी एकेक पिल्लू आत गेलं की एकेक चिंचोका इकडून तिकडे.

"हायती तेवढी हायती," ती म्हणाली. आणि दिवसभर तिच्या डोक्यात एकच घोळत राहिलं. मालुबाईने आकडा कशाला विचारला?

शिवरात्र झाली, ऊन तापू लागलं. पिल्लांना आता बाहेर काढायला हवं होतं. परड्यात सोडायच्या आधी गल्लीतल्या बाया पिल्लांना रंग लावत. रंगीत पिल्लाला घार बिचकते म्हणत, आणि आपलं कुठलं, दुसऱ्याचं कुठलं तेही कळतं. मालुबाईची पिल्लं हळदीने पिवळी असत. बायाक्काला असा रंग हवा होता, जो गावात दुसऱ्या कुणाकडे नसेल. ती शहापूरला ताक घेऊन जायची. तिथल्या एका मागवाल्याच्या घरची अंबुबाई सूत रंगवायची. तिच्याकडून बायाक्काने उरलेला किरमिजी रंग नरोटीत मागून आणला.

"लुगडं रंगवायचं काय, मावशी?" अंबुबाईने हसून विचारलं.

"हाय एक काम," बायाक्का म्हणाली. अंबुबाई शहापूरची आणि पिल्लं कंग्राळीची, तरीही तिने सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी तिने पिल्लांना घटकाभरच उन्हात सोडलं. गाडगंही बाहेर आणून कुडाजवळ ठेवलं. पिल्लं माती उकरायची, चार पावलं जायची, की धावत येऊन गाडग्याला चिकटायची. वर घार फिरली तर कोंबडी जशी ओरडून पिल्लांना लपवते, तसं गाडगं ओरडणार नव्हतं. म्हणून बायाक्का स्वतः काठी घेऊन बसली आणि घार दिसली की "हाऽऽ हाऽऽ" करून ओरडू लागली. पिल्लं तिच्याकडे बघत उभी राहायची. पळायचं असतं हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एक चिंचोका उरला.

तिने परडं धुंडाळलं. पीस नाही, रक्त नाही. चौथ्या दिवशी उरलेली दहाही आली. पाचव्या दिवशी एकदम आणखी दोन चिंचोके उरले. घार असती तर तिला दिसली असती, कारण ती जागची हलली नव्हती. एकदाच काय ती पाणी तापवायला आत गेली होती. तिने समोरच्या यल्लाप्पाचं मांजर धरून आणलं आणि त्याच्या मिशांना किरमिजी रंग लागलाय का ते उजेडात नेऊन बघितलं.

"मांजराची जबानी घेतीस काय, बायाक्का?" यल्लाप्पा दारातून म्हणाला.

"खाणारं तोंड कळतं," ती म्हणाली. मिशा पांढऱ्याच होत्या. मांजराला तिने सोडलं, पण यल्लाप्पाकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

आणि सहाव्या दिवशी कुडातून तिला ते दिसलं. मालुबाईच्या पिवळ्या पिल्लांत तीन पिल्लं शेंदरी होती. पाय गवतात बुडालेले, रंग तेवढा दिसत होता. किरमिजीवर हळद चढवली की शेंदरी होतं, हे शहापूरच्या मागांवर जाणारीला सांगायला नको. पंचवीस वर्षं जी चोरी कळली नव्हती, ती आता उजेडात कुडापलीकडे चालली होती, आणि वर हळद फासून.

"मालेऽऽ! बाहीर ये!"

मालुबाई पिठाच्या हातांनी बाहेर आली.

"ही पिल्लं कुणाची?"

"माझ्या परड्यात हायती, म्हंजे..."

"म्हंजे काय? तुझी किती हुती? सांग की!"

"आकडा इचारतीस?" मालुबाईचा चेहरा उतरला होता, पण तीही मागे सरली नाही. "गल्लीत असं कुणी इचारलंय काय कधी?"

"हळद कशाला फासलीस वरनं?"

तेवढ्यात आवाज ऐकून चार माणसं जमली. त्यांच्यात आण्णाप्पाही होता, गल्लीतला वडीलधारा माणूस. दोघीही त्याला अण्णा म्हणत. त्याने कुडाच्या दोन्ही बाजूंना बघितलं आणि म्हणाला, "रंग चढतोय आणि उतरतोय. त्यावर न्याय कसा करायचा?"

"म्या सांगते," बायाक्का म्हणाली. "माझी गाडग्यावर वाढल्यात. तिची कोंबडीखाली. गाडगं मधी ठेवा. माझी गाडग्याकडं येतील. मग तर झालं?"

हे सगळ्यांना पटलं. मालुबाईही "आण की" म्हणाली. बायाक्काने ताजं पाणी तापवलं, गाडगं भरलं, सवयीने गाल लावून बघितलं आणि कुडाच्या फटीजवळ, दोन्ही परड्यांच्या मधोमध ठेवलं. आपली आठ पिल्लं तिने सोडली. ती धावत जाऊन गाडग्याला बिलगली. बायाक्काने जमलेल्या माणसांकडे बघितलं. 'बघा,' असं तोंडाने म्हणायची गरज नव्हती.

पलीकडची तीन शेंदरी पिल्लं उभी राहिली. त्यांतलं एक ठुमकत दोन पावलं पुढे आलं. त्याच्या पायाला काटकी होती. ते गाडग्यापाशी आलं, त्याने अंग टेकवलं.

"माझंच हाय! चिंधी बघा, माझ्या लुगड्याची!"

तेवढ्यात मालुबाईच्या कोंबडीला मातीत काहीतरी सापडलं. तिने मान खाली घालून "कुट्-कुट्-कुट्" केलं. ठुमकणारं पिल्लू गाडगं सोडून वळलं. बाकीची दोन शेंदरी आधीच तिच्या चोचीखाली होती. आणि मग बायाक्काच्या डोळ्यांदेखत गाडग्याला चिकटलेल्या आठांतलं एक निघालं. मग दुसरं. मग सगळी, एका रांगेत, फटीतून पलीकडे. कोंबडीने एकाला चोच मारली, दुसऱ्याला मारली, तिसऱ्याला मारायचं विसरली आणि उकरत राहिली.

गाडगं उन्हात एकटंच राहिलं.

कुणी हसलं नाही. आण्णाप्पा म्हणाला, "कुणी नेली न्हाईत गं. आपल्या पायानं गेली."

"मग हिनं हळद का लावली?" बायाक्काचा आवाज आता तेवढा चढा नव्हता. "आल्यावर सांगायला काय झालं हुतं?"

मालुबाईने पिठाचे हात पदराला पुसले.

"सांगितलं असतं, तर तू काय म्हणाली असतीस? ती माझ्याकडं का आली, म्या काय घातलं, कुठनं बोलावलं. पहिलं आलं तवा मला वाटलं, तूच मुद्दाम सोडलंस. माझ्याकडं सापडावं म्हणून. खरं सांगते अण्णा, मला भ्यावच वाटलं. संध्याकाळी हळद लावून कोंबडीखाली सारली. म्हटलं, थंडीनं मरायला तर नकोत." आणि बायाक्काकडे न बघता म्हणाली, "तुझ्या दारात काय परत आणून द्यायचं म्हंजे धाडस लागतंय, बायाक्का."

माणसं पांगली. बायाक्का गाडगं उचलून आत गेली. पाणी अजून कोमट होतं. ती ते मांडीवर घेऊन बसली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा तिला हंड्याबद्दल एक वेगळंच वाटलं. कुणी तो सांभाळायला म्हणून नेला असेल आणि परत द्यायला भ्यालं असेल, तर? तेव्हा आपण परतल्या दिवशी गल्लीत उभं राहून काय काय बोललो होतो, ते तिने आठवून बघितलं. बरंच आठवलं.

दुसऱ्या दिवशी तिने निवडुंगातली फट कोयत्याने हातभर मोठी केली. अकराही पिल्लं मालुबाईच्या कोंबडीमागे फिरू लागली. घार दिसली की कोंबडी ओरडायची आणि गाडग्याची पिल्लं आता बाकीच्यांबरोबर झुडपात घुसायची. संध्याकाळी बायाक्का कुडाशी येऊन उभी राही. मुठीत चिंचोके असत.

"मोज मोज," मालुबाई म्हणे. "मी तिकडं तोंड करते."

वैशाखापर्यंत पिल्लांच्या अंगावरचा रंग झडला आणि आतून काळी पिसं आली. अकरातल्या सहा तलंगा, म्हणजे माद्या, निघाल्या, सगळ्या काळ्या. बायाक्काने मालुबाईला बोलावलं आणि म्हणाली, "कोंबडीच्या उबेचं म्हणून एक घे. तुझ्या हातानं निवड."

ती दारात कमरेवर हात देऊन उभी राहिली. मालुबाई सगळ्यांत थोराड, चकचकीत तलंग उचलणार याची तिला खात्री होती. मालुबाईने सगळ्या बघितल्या आणि ठुमकणारी उचलली.

"हीच?"

"हीच. ही माझ्याकडं पयली आलती."

मालुबाई तिला काखेत घेऊन गेली. बायाक्का बराच वेळ तिच्या पाठीकडे बघत राहिली. बाकी पाच धडक्या सोडून लंगडीच का नेली? हिला काहीतरी ठाऊक असणार. मग ती परड्यात गेली, उरलेल्या पाचांचे पाय एकेक करून तपासले आणि फटीतून विचारलं, "मालू, खरं सांग गं. तिच्यात काय बघितलंस?"

पलीकडून मालुबाई हसतच होती.

त्या दिवशी बायाक्का ताक घेऊन शहापूरला निघाली. कडीत काडी अडकवली. चार पावलं गेल्यावर ती थांबली, मागे वळली, आणि कुडावरून ओरडून म्हणाली, "मालू, म्या बाजाराला चालले. घराकडं ध्यान ठेव."

काडी मात्र तिने काढली नाही.