किल्ली माझ्याकडे द्या

मंडळी, वसतिगृहाच्या फळ्यावर हे मुद्दाम लावतेय.

आज इथल्या श्वार्त्सवाल्डात, म्हणजे जर्मनीच्या काळ्या जंगलात, बर्फ मोजायला निघालो. नव्या मोटर-स्लेजची किल्ली आमच्या प्रोफेसरांनी सरळ माझ्याबरोबर शिकणाऱ्या जोशींच्या हातात दिली.

"जोशी, फ्यूररशाइन, इथलं लायसन, काढलंत?" मी विचारलं.

"अहो बाई, नागपुरात बाबांची जीप चालवायचो, लायसन कोणी विचारलं नाही. आणि इथे तर नुसता बर्फ."

"मध्ये गावचा रस्ता ओलांडायचाय. लायसन माझ्याकडे आहे."

प्रोफेसर माझ्या साडीकडे बघत म्हणाले, "पदर स्लेजच्या फिरत्या पट्ट्यात अडकेल."

ते बरोबरच होतं. आत जाऊन लोकरी पँट चढवली, हेल्मेट घातलं आणि हात पुढे केला. जोशींनी किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि ते मागे बसले.

उद्याही मीच चालवणार. तुमच्याकडे लायसन कोणाकडे आहे, आणि किल्ली कोणाकडे?