स्क्रीनवरचा वाकडा हात

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. आमच्या अम्मीचा आहे. घरात कुणी जरा आजारी पडलं की ती मीठ-मिरच्या ओवाळून तव्यावर टाकते, आणि ठसका उठला नाही तर "बघ, केवढी नजर लागली होती" म्हणून मलाच सुनावते. मी हसतो. नगरला सतरा वर्षं एमआरआय टेक्निशियन आहे... आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेला सवय नगरचीच. माणसाच्या आत काय असतं ते रोज बघतो. भूतबित अजून कुणात दिसलेलं नाही.

तरी हे लिहितोय, कारण हे सकाळी साडेदहाला, ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडात, माझ्यासमोर घडलंय.

आमच्याकडे लिव्हर किती कडक झालंय ते मोजायची एक तपासणी होते. पेशंटच्या उजव्या बरगड्यांवर ताटलीएवढी प्लॅस्टिकची चकती पट्ट्याने बांधायची. भिंतीपलीकडच्या पंपातून नळीने तिला थरथर मिळते, ती लिव्हरमध्ये उतरते आणि कशी पुढे सरकते ते मशीन बघतं. त्यावरून लिव्हर मऊ की कडक ते कळतं. सगळा खेळ चकतीच्या जागेचा. चार बोटं इकडेतिकडे झाली की तपासणी वाया. ती जागा मी बरगड्या चाचपून शोधायचो, आणि शेखची चकती चुकली असं आजवर कुणी म्हटलेलं नाही.

मग गेल्या वर्षी छतावर कॅमेरा आला. पेशंट झोपला की तो स्क्रीनवर त्याच्या अंगाची आकृती काढतो, उंची-वजनाचा अंदाज देतो आणि चकती ठेवायची तिथे अंगावर हिरवा गोल पाडतो. आपण फक्त गोलावर चकती ठेवायची. म्हणजे माझी सतरा वर्षांची विद्या पाण्यात! खरं सांगतो, मला त्या कॅमेऱ्याचा राग होता. तो कधी चुकतोय याची मी वाट बघत होतो, आणि मेला चुकतच नव्हता.

त्या दिवशी पुणतांब्याचे रावसाहेब काका आले. उंचपुरे, रुंद खांद्यांचे. बरीच वर्षं प्यायले, आता सोडलीय. लिव्हर कितपत खराब झालंय ते बघायला त्यांच्या डॉक्टरांनी पाठवलं होतं. सोबत बायको, सुमनमावशी. त्या बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या. मध्ये दोन दारं आणि एक जाड भिंत. आमच्या खोलीत त्यांनी डोकावूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

काका झोपले. मी स्क्रीनकडे पाहिलं. उंची १४८. वजन ३९. आकृती लहानखुरी, आणि तिचा डावा हात कोपरात वाकलेला. हिरवा गोल काकांच्या पार छातीवर.

"काका, डावा हात सरळ करा."

"सरळच हाय की!"

खरंच सरळ होता. पुन्हा केलं... तेच. सगळं बंद करून चालू केलं, काकांना उठवून परत झोपवलं. पुन्हा १४८, ३९, वाकडा हात.

मला काय वाटलं सांगू? आनंद झाला. मोबाईलवर स्क्रीनचा फोटो काढला, कंपनीच्या इंजिनिअरला पाठवायला. मग झकास बरगड्या चाचपून हाताने चकती बांधली आणि तपासणी उरकली. आमच्या सेंटरच्या डॉक्टर मॅडमनी बघून सांगितलं - लिव्हर मऊ आहे, थोडक्यात वाचलेत.

ही बातमी द्यायला मीच बाहेर गेलो. काकांच्या कपड्यांची पिशवी मावशींपुढे धरली. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. उजवा सरळ आला. डावा कोपरात वाकलेलाच राहिला.

"मावशी... हाताला काय झालंय?"

"त्ये व्हय? ल्हानपनी चिंचंवरून पडले. तवापासून सरळ व्हत न्हाई. का वो?"

मी त्यांना वजनकाट्यावर उभं केलं. ३९. भिंतीवरच्या पट्टीला पाठ लावून उंची घेतली. १४८.

"तुम्हाला काही त्रास होतो का?"

"मला कशाचा तरास? लई थकवा येतो, अंगाला खाज सुटती. कामानं व्हतं तसं. लिवर यांचं खराब हाय, माजं न्हाई."

मी मॅडमकडे गेलो, फोटो दाखवला. "शेख, तुम्हीसुद्धा?" म्हणून त्या हसल्या. पण बाहेर येऊन त्यांनी मावशींच्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या आणि आतला पिवळेपणा पाहून हसू थांबलं. म्हणाल्या, "करून बघू. पण पोट रिकामं लागतं. उद्या उपाशी या."

"उद्या कुठलं यायचं बाई, गाया हायेत दारात. आन् म्या कुठं जेवलेय? यांना रातपासून खाऊ नका म्हनले डाक्टर. घरधनी उपाशी आन् मी भाकरी मोडू व्हय? च्या बी न्हाई घेतला."

"तुला कोनी सांगितलं हुतं?" काका खेकसले.

"सांगाया कशाला पायजे?"

अशा त्या उपाशी होत्या म्हणून त्याच दिवशी झाली तपासणी. मावशी झोपल्या आणि स्क्रीनवर तीच आकृती उमटली, तोच वाकडा हात. हिरवा गोल बरोबर उजव्या बरगड्यांवर. माझ्या हाताला काही कामच उरलं नाही.

चित्रात मऊ लिव्हर निळं दिसतं, कडक असेल तर लाल. मावशींचं लाल होतं.

मॅडमनी काकांना समजावलं, की कधी कधी शरीर स्वतःच्याच लिव्हरशी वैर धरतं, त्याला दारू लागत नाही. पुढच्या चाचण्या होतील, गोळ्यांनी आटोक्यात येईल, पण आणखी वर्ष-दीड वर्ष गेलं असतं तर कठीण होतं. काका बाकावर बसले.

"दारू म्या पिली, मॅडम. हिनं जन्मात थेंब घेतला न्हाई... तिला कसं व्हतंय हे?"

मावशी त्यांच्या पाठीवरून तो वाकडा हात फिरवत होत्या.

इंजिनिअर आठवड्याने आला. मशीनच्या नोंदी काढल्या. काकांच्या तपासणीपुढे लिहिलं होतं: उंची १७४, वजन ७१, दोन्ही हात सरळ, गोल योग्य जागी. तिन्ही वेळा! मी मोबाईलमधला फोटो दाखवला. त्याने तो मोठा करून पाहिला. "आधीच्या पेशंटची आकृती राहिली असेल," म्हणाला. अहो पण मावशी आधी नव्हत्याच, नंतर होत्या! त्याने नोंदी पुन्हा एकदा चाळल्या आणि बॅग भरली. फोटो अजून आहे, कुणाला काही सुचत असेल तर जरूर सांगा, मी ऐकायला तयार आहे.

पण घाबरवतं मला ते वेगळंच. मशीन चुकलं या खुशीत मी त्या बाईला घरी जाऊ देणार होतो. पिशवी तिच्या हातात दुसऱ्या कुणी दिली असती तर? सतरा वर्षांत त्या बाकावर अशा किती जणी बसून गेल्या असतील, आणि मी फक्त कागदावर नाव असलेल्या माणसाकडे बघत राहिलो. याचा मला फार त्रास होतो.

आठ महिन्यांनी मावशी पुन्हा तपासायला आल्या. चेहऱ्यावर तजेला आला होता. चित्रातला लाल रंगही बराच ओसरला होता. उठून बसल्यावर त्यांनी छताकडे बोट दाखवलं.

"ह्येला कसं कळलं वो, मी भाईर हाय म्हून?"

"नाही सांगता येत, मावशी. इंजिनिअरलाही नाही कळलं."

त्या माझ्याजवळ वाकून, कॅमेऱ्याला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाल्या,

"त्यो इंजनेर परत आला तर सांगा त्येला. काय बी दुरुस्त करू नको म्हनावं."