साडू, मी आणि खाडीतलं बेट

माझ्या साडूंनी माझं आजवर काहीही वाईट केलेलं नाही. ते मला आवडत नाहीत ते त्यामुळेच.

विनायकराव देवरूखला मास्तर आहेत. त्यांना मिक्सर दुरुस्त करता येतो, सुरमई साफ करता येते आणि (हे फारच झालं!) बायकोचा वाढदिवस लक्षात राहतो. "भावोजींकडून शिका काहीतरी," हे वाक्य आमची सुनीता मला रोज चहाबरोबर देते.

गेल्या मे महिन्यात ते आणि मेहुणी आमच्या नाटे गावच्या घरी आले. तिथल्या खाडीत एक बेट आहे, वर देवीची घुमटी. ओहोटीला चिखलातून चालत जाता येतं, भरतीला वाट बुडते. अखेर माझा विषय निघाला!

"चला, मी नेतो," मी म्हणालो.

वाटेत विनायकराव थबकले. "अहो, त्या कालवं काढणाऱ्या बायका परत निघाल्यात. पाणी चढत असेल."

"त्यांची कालवं संपली असतील! माझा जन्म इथला, विनायकराव."

"भावोजी म्हणतात तर ऐका ना," सुनीता म्हणाली. झालं! मी मळलेली वाट सोडून सरळ बेटाच्या दिशेने सुटलो आणि दहाव्या पावलाला मांडीपर्यंत रुतलो. डावा पाय काढला की उजवा आत, उजवा काढला की डावा!

"पोटावर झोपा आणि सरपटत या!" विनायकराव ओरडले.

मी सरपटलो. सुनीता व्हिडिओ काढत होती. बेट काठापेक्षा जवळ होतं, म्हणून विनायकरावांनी मला ओढून तिथेच नेलं; बायका मागोमाग आल्या. माझ्या चपला मात्र खाडीने ठेवून घेतल्या. मागे वळून पाहतो तो वाट गायब, चहूकडे पाणी!

"आता सहा तास इथेच?" मेहुणी रडवेली झाली. विनायकरावांनी शर्ट काढून हवेत फिरवला. (पोटही सुटलेलं नव्हतं मेल्याचं!) पलीकडच्या काठावरून एक होडीवाला आला. पाण्याला ओढ होती, तर हे त्याच्याबरोबर वल्हं मारायलाही बसले.

होडीवाल्याने एकदा वल्हवणाऱ्या विनायकरावांकडे पाहिलं, एकदा गळ्यापर्यंत माखलेल्या माझ्याकडे. मग त्यांना म्हणाला, "तुम्ही हितलेच ना? मग या पावन्यांना कशाला आणलात चिकलात? त्यांना काय कळतंय भरतीतलं!"

सुनीताने पुन्हा मोबाईल वर केला.

"कुठले हो तुम्ही?" त्याने मला विचारलं.

"देवरूखचा," मी म्हणालो.