रेघेच्या अलीकडे पडलेली मावशी

माझी मावशी राहते एका देशात आणि इस्त्री करते दुसऱ्या देशात. मध्ये नदी, नदीवर पूल आणि पुलाच्या मधोमध रंगवलेली एक पांढरी रेघ. पलीकडे मोठी लाँड्री आहे. हॉटेलांच्या चादरी तिथे येतात आणि मावशी त्या वाफेच्या इस्त्रीखालून काढते. आमच्या गल्लीतली निम्मी माणसं अशीच सकाळी पलीकडे कामाला जातात आणि संध्याकाळी झोपायला घरी येतात.

मावशी कामाला वाघ, पण एक खोड. चादरीत एवढीशी सुरकुती दिसली की सगळी चादर पुन्हा ओलवून घेते. तिच्या पुढच्या टेबलावर घड्या घालणारी बाई, आम्ही तिला घडीवालीच म्हणतो, कपाळाला हात लावते. "अगं राहू दे ना, झोपणारा काय भिंग घेऊन झोपणार आहे?" त्यावर मावशीचं ठरलेलं उत्तर, "त्याला नाही दिसणार गं. मला दिसलीय ना."

आता त्या रेघेबद्दल. कामाला जाणारं कोणीही तिच्यावर पाय देत नाही. रेघ आली की बोलता बोलता सगळे लांब ढांग टाकतात. हे कुणी सुरू केलं देव जाणे, पण आमच्याकडे पक्की समजूत होती की माणसाचं सगळं काही ती रेघ ठरवते. पगारातून कर आणि विमा कापला जातो पलीकडे, म्हणजे पलीकडे असाल तोवर तुम्हाला वाली आहे. अलीकडे आलात की तुम्ही आणि तुमचं नशीब. "हातपाय मोडायचे तर रेघ ओलांडून मोडा," अशी थट्टा रोज व्हायची. मावशीही हसायची. पण कर कचेरीतून आली की तिचा चेहरा उतरलेला असायचा. "इथला कारकून म्हणतो, तुमचं सगळं पलीकडे. पलीकडचा म्हणतो, तुम्ही राहता तिकडे. मी आहे तरी कुणाच्या हिशेबात?"

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी पुलावर दव गोठलं होतं. मावशी, घडीवाली आणि लाँड्रीतला मशीनमिस्त्री अशी तिघं चालली होती. रेघेच्या थोडं अलीकडे मावशीचा पाय घसरला. पाय अंगाखाली आला आणि ती जागच्या जागी बेशुद्ध पडली. त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग रेघेकडे पाहिलं. आणि मावशीच्या काखेत हात घालून तिला फरफटत पलीकडे नेलं. मदतीला फोन केला तो त्यानंतर. डॉक्टरांचं म्हणणं पडलं की हाड पडल्यामुळे मोडलं, पण जागचं हललं ते मागाहून. मायेची माणसं, दुसरं काय! मला हसूही येतं आणि रागही.

दोघांनी लेखी जबाब दिले, बाई रेघेच्या पलीकडे पडली. मग विमा कचेरीचं बोलावणं आलं, तेव्हा मिस्त्री घरी येऊन मावशीच्या पलंगापाशी बसला.

"ताई, एकच वाक्य बोला. पलीकडे पडले. पुढचं आम्ही बघतो."

तो का आला होता ते आम्हा सगळ्यांना कळत होतं. अपघात मान्य झाला तर उपचार, पाय बरा होईपर्यंत पगार आणि हातातली नोकरी, तिन्ही राहणार. नाही झाला तर लाँड्री दुसरी इस्त्रीवाली बघणार. आणि जबाब खोटा निघाला तर त्या दोघांचे पूल ओलांडून कामाला जायचे परवाने रद्द. तो गेल्यावर मी मावशीला बजावलं, "तोंड उघडलंस तर तीन घरं बसतील, लक्षात ठेव." ती पांघरुणाची कड बोटांनी सारखी करत राहिली.

विमा कचेरी पलीकडे, एका बँकेच्या वर. खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीला हीटर. टेबलामागच्या बाई माझ्याच वयाच्या, नाक सर्दीने लाल. त्यांनी मावशीच्या पायाखाली ठेवायला स्वतःची खुर्ची पुढे केली आणि उभ्यानेच विचारलं, "तुम्ही कुठे पडलात?"

मी टेबलाखालून मावशीचा हात दाबला. तिने तो सोडवून घेतला.

"बाई, एक सुरकुती राहिलीय," ती म्हणाली. "मी अलीकडे पडले. आमच्या बाजूला. पण त्या दोघांची काही चूक नाही हं. मीच म्हटलं, मला ओढा."

धडधडीत खोटं! बेशुद्ध माणूस कसला ओढा म्हणतोय? एक सुरकुती काढायला गेली आणि दुसरी पाडून बसली. बाईंनी समोरचे जबाब पाहिले, मावशीकडे पाहिलं आणि नाक पुसलं.

"ओढलं? मोडक्या पायाने?"

"हो."

"पण कशाला?"

मग मावशीने रेघेचं सगळं सांगितलं. बाई ऐकत होत्या, आणि हळूहळू त्यांचा चेहरा असा झाला की आता हसतात की रडतात कळेना.

"अहो मावशी, रेघेचा काय संबंध? मी 'कुठे पडलात' विचारलं ते तुम्ही कामाच्या वाटेवर होता की दुसरीकडे कुठे चालला होता, एवढं कळावं म्हणून. घराच्या बाहेरच्या दारातून तुम्ही कामाला निघालात की विमा सुरू. पूल अलीकडचा असो की पलीकडचा. विमा रेघेला नाही, तुम्हाला लावलेला आहे. तुमच्याबरोबर चालत येतो." त्यांनी ते जबाब परत आमच्या हातात दिले. "त्या दोघांना म्हणावं, खरं काय ते लिहून आणा. आणि पुन्हा कुणाला ओढू नका."

माझा जीव भांड्यात पडला. मावशीचं मात्र तिकडे लक्षच नव्हतं.

"दारापासून?" तिने विचारलं. "आमच्या दारापासून? तिकडच्या?"

"हो."

"हे कुणी ठरवलं?"

"जुना करार आहे. दोन्ही देशांच्या माणसांनी बसून केलेला."

मावशी मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "बघ ना गं. मला कधी पाहिलं नाही, नाव माहीत नाही. आणि कुठेतरी बसून त्यांनी विचार केला की एक बाई पहाटे दार ओढून निघेल आणि वाटेत पडेल." तिचे डोळे भरून आले. मला वाटायचं, कायदा म्हणजे खिडकीवर आपल्याला परत पाठवणारा आवाज. त्या खोलीत पहिल्यांदा मला त्याचं नवल वाटलं. इतकी वर्षं तो आमच्या उंबऱ्यापासून तिच्याबरोबर चालत होता आणि आम्ही रेघेवरून उड्या मारत होतो.

वसंतात मावशी काठी घेऊन पुन्हा कामाला निघाली. मी रेघेपर्यंत सोबत गेले. मिस्त्री आणि घडीवाली पुलापाशी थांबायच्या ऐवजी आमच्या दाराशीच येऊन उभे होते. "विमा इथूनच आहे म्हणतात," मिस्त्री ओशाळून म्हणाला. "आता पडलात तर बोटसुद्धा लावणार नाही, ताई."

पुलावर रेघ आली. त्या दोघांनी सवयीने लांब ढांग टाकली. मावशीने काठी नीट टेकली आणि रेघेवरच पाय ठेवून उभी राहिली. एकदा आमच्या घरांकडे पाहिलं, एकदा लाँड्रीच्या धुराड्याकडे.

"ए," तिने घडीवालीला हाक मारली, "मी आता कुठे आहे गं?"

"कामावर," घडीवाली म्हणाली. "चल, उशीर होतोय."