जांघेतल्या गाठीने केलेली चहाडी

रक्तात साखर असलेल्या माणसाने अनवाणी खडकात जायचं नाही, हे बायकोने मला देवासमोर बसवून कबूल करून घेतलं होतं. मीही हो म्हणालो. हो म्हणायला माझं काय जातं? पण दांडीच्या किनाऱ्यावर जन्म काढलेल्या माणसाला मोठी ओहोटी दिसली की पाय खडकाकडे वळतात, आणि बूट घालून कालवं काढणारा आमच्याकडे अजून जन्मायचा आहे. म्हणून पालघरच्या कचेरीत काम आहे असं सांगून निघालो आणि कालवं फोडत बसलो. मित्राच्या घरी रांधून खाल्लीही. चव विचारू नका.

कालवाच्या शिंपल्याने तळवा कापला होता. वर हळद दाबली. घरातही चप्पल घालायचा डॉक्टरांचा हुकूम होताच, त्यामुळे लपवाछपवी सोपी गेली.

तिसऱ्या दिवशी जांघेत लिंबाएवढी गाठ आली आणि मी लंगडू लागलो. ते बायकोच्या नजरेतून सुटतंय कशाला! पाय दाखवला असता तर माझी धडगत नव्हती, म्हणून गाठच दाखवली.

“अवधाण हाय हे,” ती म्हणाली. पायाला जखम झाली की जांघेत गाठ येते, तिला आमच्याकडे अवधाण म्हणतात. शेंबडं पोरही ओळखतं. “पायाला काय लागलं तुमाला?”

“काय नाय.”

“खरं?”

“शप्पत.”

ती उठून चुलीकडे गेली. सुटलो एकदाचा, असं मला वाटलं. तिच्या भावाच्या गळ्यात अशीच, काही न लागता, गाठ आली होती आणि तो वर्षभरात गेला, हे माझ्या टाळक्यात संध्याकाळी आलं. तोवर तिने ताट बाजूला सारलं होतं. एका वाक्यात तिची भीती गेली असती. पण ते वाक्य दोन दिवस माझ्या तोंडातून निघालं नाही. मी असाच भित्रा आहे.

शेवटी तिने मला रिक्षात कोंबून बोईसरला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी गाठ दाबली. मी ओरडलो.

“दुखतेय ना? मग बरंच आहे, वाईट गाठ सहसा दुखत नाही,” त्या म्हणाल्या आणि बायकोला समजावू लागल्या. अंगात रक्ताशिवाय आणखी एक पाणी फिरतं, त्याला लसीका म्हणतात. त्याला हृदयासारखा पंप नाही. आपण चाललो, पोटऱ्या आवळल्या, की ते वर सरकतं. वाटेत अशा गाठी असतात. पायाकडून आलेलं पाणी जांघेतल्या गाठीत गाळलं जातं, तिथल्या पांढऱ्या पेशी त्यातले जंतू पकडतात, आणि जंतू फार झाले तर पेशीही भराभर वाढतात. म्हणून गाठ सुजते.

म्हणजे आमच्या बंदरावर बायका मासळीच्या टोपलीतला कचरा वेचतात तसंच की, असं मी म्हणणार होतो. पण बाई पुढे बोलल्या, “ही गाठ पायाचंच पाणी गाळतेय. चप्पल काढा.”

इतकी वर्षं पोसलेली माझीच गाठ अशी उलटली. तळवा लालबुंद झाला होता.

“कालवं,” बायको एवढंच म्हणाली. बाईंनी साखरेवरून माझी खरडपट्टी काढली, औषधं लिहून दिली. गाठ आठवड्यात उतरली.

बायको मात्र भांडलीच नाही. मला चैन पडेना. शेवटी मीच विचारलं.

“गाठ साधी निघू दे, वरसभर मासळी सोडते, असं बोलले मी देवीला,” ती म्हणाली.

“अगो, पण ती साधीच होती! मला ठावं होतं.”

“मला नव्हतं ना,” ती म्हणाली.

मीही सोडतो म्हटलं, तर तिने ऐकलं नाही. नवस तिचा, खायचं मी. लाज वाटते मला. दुपारी ती मला पापलेट वाढते, स्वतः वरणभात घेऊन समोर बसते आणि विचारते, “मीठ बरोबर हाय ना? मला चाखता येत नाय.”