अबोल्यातली सुखं

बाइंडर असलेल्या थोरल्याला गिऱ्हाइकं पाठीमागे ‘दाभण’ म्हणत आणि ते काही उगाच नव्हतं. दाभण निदान शिवतो तरी, हा नुसता टोचायचा. धाकटा भाऊ चाळीस वर्षं पुस्तकं बांधायच्या त्याच टेबलाच्या पलीकडे बसला होता, त्यावरून त्याची कातडी किती जाड असेल ते समजा.

दोघांची एक रीत होती. महिन्या-दोन महिन्यांनी कडाक्याचं भांडण व्हायचं. कधी खिडकीवरून, कधी खळीच्या डब्याचं झाकण उघडं राहिलं म्हणून. मग आठ-आठ दिवस अबोला. काम मात्र थांबत नसे. काही लागलंच तर पुस्तकं दाबायच्या शिकंज्याला सांगायचं. “कुणाला कात्री दिसली का?” थोरला शिकंज्याला विचारी. कात्री टेबलावरून सरकत येई. धाकटाही शिकंज्यालाच सांगे, “जेवायची वेळ झाली म्हणावं.”

पुढे थोरल्याच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, “गोळ्या देते, पण संतापावर गोळी नाही. आजवर कोणकोणत्या वेळी खूश होतात, ते लिहून काढा. त्यात सारखं काय होतं ते बघा आणि पुढचे दिवस तसे आखा. नाहीतर फार दिवस उरले नाहीत.” बाहेर आल्यावर तो बायकोला म्हणाला, “एवढं शिकून हेच शिकली का ही?” पण मरणाला तोही भीत होता.

कागदाच्या कातरणांवर त्याने पाच-सहा गोष्टी खरडल्या. ग्रंथालयाची सत्तर पुस्तकं एका आठवड्यात बांधली ते दिवस. नकाशांचं ते जाडजूड पुस्तक, ज्याचा पुट्ठा पहिल्याच खेपेला चपखल बसला होता. मुलगी पास झाली ती दुपार. धाकट्याने तिच्यासाठी नवे बूट आणून मुकाट्याने टेबलावर ठेवले होते. वाचता वाचता थोरला चमकला. प्रत्येक वेळी दोघांचा अबोला चालू होता. म्हणजे धाकट्याचं तोंड बंद तेव्हा आपण सुखी. इतकं सोपं गणित आणि आपण उगाच चाळीस वर्षं वाया घालवली, असं त्याला वाटलं.

त्याने ठरवून भांडण काढलं. मोठं सुख हवं म्हणून घावही मोठा घातला. खिडकी, झाकण सोडून तो कामावर घसरला. “तुझे टाके कायमचे ढिले. रोज तू घरी गेलास की मी उसवून पुन्हा घालतो. चाळीस वर्षं तुला पोसलं मी.” खरं तर त्याने उसवलं होतं एकदाच, एकच पुस्तक. धाकट्याने आपली सुई, हातोडी, अंगठ्याला बांधायचं कातडं गोळा केलं आणि तो निघून गेला. दोन गल्ल्या पलीकडे एका छापखान्याच्या मागच्या खोलीत त्याने काम सुरू केलं.

थोरल्याला हवी तेवढी शांतता मिळाली. महिनाभर त्याने ती भोगली आणि त्या महिन्यात एक पुस्तक धड बांधलं नाही. संतापाने तो बायकोवर खेकसायचा, गिऱ्हाइकांना हाकलायचा. अबोला धरायलाही समोर माणूस लागतो, हे त्याला कळलं तेव्हा छाती पुन्हा दुखू लागली होती.

शेवटी एक फाटकं रजिस्टर काखोटीला मारून तो त्या खोलीत गेला.

“ये दादा, बस,” धाकट्याने खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. “छाती कशी आहे?”

“दिवा इतका लांब कुणी लावतं का? आंधळा होशील.”

“सरकवतो.” आणि त्याने खरंच सरकवला.

“टाके अजून ढिलेच दिसतात.”

“असतील,” धाकटा शांतपणे म्हणाला.

थोरला वाट बघत राहिला. समोरच्या चेहऱ्यावर रागाची रेषसुद्धा नव्हती.

“अरे, भांड की माझ्याशी.”

“आता कशाला, दादा?” धाकट्याने रजिस्टर हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि कुठल्याही गिऱ्हाइकाला सांगावं तसं मंगळवारी मिळेल म्हणून सांगितलं.